लोकर, कापड, मैदा : घरातलं वर्कशॉप

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब आपण सगळ्यांनीच घासलाय. एक एम.एस.चा तुकडा, एक कानस आणि दर दहा मिनिटांनी "सर, मॅच होत नाहीये!" ही आरोळी. जॉब नाहीच बसला तरी आपलं फारसं बिघडत नाही. दोन मार्क जातात, टर्मवर्क सबमिट होतं आणि जॉब भंगारात जातो.

पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी आणखी एक वर्कशॉप वर्षानुवर्षं चालू असतं. तिथे विणायच्या सुया असतात, कात्री असते, कोपऱ्यात शिलाई मशीन असतं, ओव्हन नसला तर जाड बुडाचा कुकर असतो. तिथला जॉब बसला नाही तर स्वेटर काखेत काचतो, झबलं बाळाच्या डोक्यातून जात नाही, केक पाहुण्यांसमोर मधोमध खचतो. तिथे टेस्टिंग रोजच्या रोज होतं आणि परीक्षक घरचेच असल्यामुळे मार्क सढळ हाताने कापले जातात!

या वर्कशॉपमध्ये तीन शॉप आहेत : विणकाम, शिवणकाम आणि बेकिंग. तिन्हीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने समोर येतो. चूक झाली तर ती कुठवर दुरुस्त करता येते? विणलेलं केव्हाही उसवता येतं. शिवलेलंही उसवता येतं, पण कापलेलं जोडता येत नाही. आणि केक? तो एकदा आत गेला की गेला. म्हणून काळजी नेमकी कधी घ्यायची, हे तिन्हीकडे वेगळं आहे. आपण चार वर्षं जे शिकतो त्याचा बराचसा भाग याच प्रश्नाशी येऊन थांबतो, तेव्हा जरा डोळसपणे बघू या.

पहिलं शॉप : विणकाम

आधी आपल्याच कपाटातली गोष्ट. शर्टही कॉटनचा, टी-शर्टही कॉटनचा. मग टी-शर्ट ताणला जातो आणि शर्ट का नाही?

शर्टाचं कापड मागावरचं. त्यात उभे आणि आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून जातात. धागे जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे ओढलं की ताण थेट धाग्यावर येतो. टी-शर्ट, मोजे, स्वेटर यांच्यात मात्र धागा वळणं घेत जातो आणि प्रत्येक वळण खालच्या वळणातून ओवलेलं असतं. ओढल्यावर आधी वळणाचा आकार बदलतो, धाग्यावर खरा ताण नंतर येतो. स्प्रिंग ताणली की तार लांबत नाही, वेटोळं उघडतं, तसंच हे.

हाताच्या विणकामात मूळ टाके दोनच : सुलट आणि उलट. आणि तेही खरं तर एकच. सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो. म्हणजे झाली बायनरी! "२ सुलट, २ उलट, ओळ संपेपर्यंत" ही सूचना म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधला लूपच. फरक इतकाच की इथे कंपायलर सुया हातात धरून टीव्ही बघत बसलेला असतो.

एका बाजूने सगळे सुलट टाके असलेलं विणकाम कडांना गुंडाळतं. क्रिकेटसाठी जुन्या टी-शर्टच्या बाह्या कापणाऱ्यांनी हे पाहिलं असेल : कापलेली कड लगेच वळी होऊन बसते. कारण वळणाची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते, आत अडकलेले ताण कड मोकळी झाली की तिला वळवतात. उपाय घरोघरी माहीत आहे. स्वेटरच्या घेराला, मनगटाला आणि गळ्याला दोन सुलट-दोन उलट अशी पट्टी घालायची. सुलट टाके एकीकडे वळू पाहतात, उलट टाके दुसरीकडे, आणि हिशेब मिटतो. शिवाय उभ्या पट्ट्या पेटीच्या भात्यासारख्या मिटून बसतात, त्यामुळे मनगट घट्टही राहतं आणि हात आत-बाहेरही जातो. ताणांचा समतोल साधून आकार टिकवायचा, हे डिझाईन त्या पट्टीत आहे.

या वळणांचं यंत्र करायला एका माणसाला बरीच अक्कल खर्चावी लागली. इंग्लंडमधल्या विल्यम ली यांनी १५८९ साली मोजे विणायचं यंत्र केलं. त्यात सबंध ओळीचे टाके एका दमात पडत, कारण प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडेवाली सुई होती. पुढची निटिंग मशिन्स याच कल्पनेच्या वाटेने आली. आपल्या अंगावरचा टी-शर्ट याच घराण्यातला.

नमुना आधी, स्वेटर नंतर

आता मुद्द्याचं. अनुभवी विणणारी बाई लोकर आणली की थेट स्वेटर सुरू करत नाही. ती आधी पंजाएवढा तुकडा विणते, धुते, वाळवते आणि मग पट्टी लावून टाके मोजते. बघणाऱ्याला वाटतं, काय हा वेळेचा अपव्यय!

गणित करून पाहू. समजा पुस्तकात लिहिलंय, १० सें.मी.मध्ये २२ टाके. छाती ९० सें.मी. हवी. म्हणजे १९८ टाके घालायचे. पण तुमचा हात थोडा सैल आहे आणि १० सें.मी.मध्ये २०च टाके बसतात. दहा सें.मी.च्या तुकड्यात हा फरक दोन टाक्यांचा, डोळ्यांना दिसतही नाही. पण तेच १९८ टाके आता ९९ सें.मी. भरतात. नऊ सें.मी.ने मोठा स्वेटर! तो मग मोठ्या भावाला द्यावा लागतो. बारीक एरर गुणाकाराने वाढते, हे आपण लॅबमध्ये लिहितो. तिथे ती अंगावर लोंबते.

तुकडा धुवायचा कशाला? कारण लोकर धुतल्यावर वागणूक बदलते. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं हे तिन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं होतं. हे परत सुटत नाही. हॉस्टेलच्या मुलांनी गीझरचं कडक पाणी बादलीत घेऊन आजीचा स्वेटर बुकलण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवावं. ॲक्रिलिकच्या लोकरीला खवले नसतात, ती अशी आटत नाही. पण गरम इस्त्री फिरवली तर तिचा फुगीरपणा कायमचा जातो. मटेरियल ओळखा, मग हात लावा.

मापांचा हिशेब किती पुढे नेता येतो याचं छान उदाहरण म्हणजे एलिझाबेथ झिमरमन. मूळच्या इंग्लंडच्या, पुढे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहिल्या. त्यांचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक १९७१ साली आलं. त्यांनी स्वेटरची सगळी मापं एकाच आकड्यावर बांधली. छातीच्या घेराचे जे एकूण टाके, ते १०० टक्के. मनगटाला त्याचे २० टक्के, दंडाशी साधारण ३३ टक्के, काखेत ८ टक्के, गळ्याला ४० टक्के. घेर २०० टाक्यांचा असेल तर मनगट ४०, दंड ६६, काख १६, गळा ८०. लहान मुलाचा असो की पैलवानाचा, नमुना मोजा, घेर काढा, बाकीचं गणित आपोआप. कॅडमध्ये आपण याला पॅरामेट्रिक डिझाईन म्हणतो आणि त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं!

आणि एवढं करून चुकलंच तर? उसवायचं. एखादा टाका सुटून खाली घसरत गेला तर क्रोशाच्या सुईने तो पायरी पायरीने वर आणता येतो. सगळंच फसलं तर धागा ओढून पुन्हा गुंडा करायचा. जुना स्वेटर उसवून लोकरीची लडी करायची, धुवायची, म्हणजे धाग्याची वळणं बरीचशी निघतात, आणि त्यातून धाकट्याचं टोपडं. कित्येक घरांत एकच लोकर दोन-तीन भावंडांच्या अंगावरून फिरली आहे.

दुसरं शॉप : शिवणकाम

शिवणातला एक शब्द मला फार आवडतो, 'बेतणं'. आपण सहलीचा बेत करतो आणि शिवणारी कापड बेतते. कात्री चालवण्याआधी सगळा बेत तयार हवा, कारण कात्री मागे घेता येत नाही. म्हणून शिवणाच्या क्लासमध्ये आधी वर्तमानपत्रावर कटिंग करायला लावतात. कागद चुकला तर रद्दीतच जायचा होता!

दुसरा शब्द 'माया'. शिवणीच्या बाहेर जे जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. मुलीच्या फ्रॉकला थोडी जास्त माया ठेवली की पुढच्या वर्षी टीप उसवून फ्रॉक मोठा करता येतो. शिवण उसकटू लागली तरी आत कापड शिल्लक असतं. आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकतो, तेव्हा त्याला इतकं गोड नाव कुणी का दिलं नाही कोण जाणे.

आता थोडं मेकॅनिक्स. शर्टाचं कापड उभं ओढा, आडवं ओढा, फारसं हलत नाही. तेच तिरपं, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढा. लगेच ताणलं जातं. का? उभ्या-आडव्या धाग्यांनी बारीक बारीक चौकोन झालेले असतात आणि चौकोनाला कर्ण नाही. चार पट्ट्या चार पिनांनी जोडलेली चौकट आठवा : धक्का दिला की तिरकी होते. ट्रसमध्ये आपण कर्ण घालून ती घट्ट करतो. शिवणारी याच ढिलाईचा फायदा घेते. गोल गळ्याला सरळ पट्टी लावली तर चुण्या पडतात, म्हणून ती कापडाची तिरपी पट्टी कापते. तिला उरेब पट्टी म्हणतात. ती गळ्याच्या वळणाबरोबर वळते आणि सपाट बसते. शिअर डिफॉर्मेशन म्हणजे काय, हे ओरलला विचारलं तर खिशातला रुमाल तिरपा ओढून दाखवा.

पुढचा प्रश्न : कापड सपाट, माणूस गोल. ई.डी.त आपण सिलिंडर आणि कोन उलगडून सपाट कागदावर काढतो. पण गोळ्याचं डेव्हलपमेंट अचूक येत नाही, कारण गोळा सपाट होतच नाही. मग ब्लाऊज अंगाला कसा बसतो? टक्समुळे. कापडाची पाचर दुमडून शिवली की तेवढ्या जागी कापड कमी होतं आणि उरलेलं फुगून उठतं. विणकामात टोपड्याच्या माथ्याकडे टाके कमी करत जातात, तेही हेच. कमी केलं की वाटी तयार होते.

आणि वाढवत गेलं तर? झालर तयार होते. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ साली हे क्रोशाने करून दाखवलं. हायपरबोलिक प्रतल नावाची भूमिती शिकवायला कागदाची मॉडेल्स वापरत, ती नाजूक असायची. टाइमिनांनी प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले आणि हातात धरता येईल असं मजबूत मॉडेल मिळालं. जे समीकरणात अवघड वाटत होतं ते विद्यार्थ्यांना हाताने चाचपता आलं. रुमालांना क्रोशाची झालर लावणाऱ्या आपल्याकडच्या बायका तोच आकार करत आल्या आहेत, फक्त त्याचं नाव त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मशीनबद्दल थोडं. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला, मशीनच्या सुईचं टोकाजवळ. सुई खाली जाऊन वरच्या दोऱ्याचा फास करते आणि खालच्या बॉबीनचा दोरा त्यात अडकतो. अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट एलायस होवे यांना अमेरिकेत १८४६ साली मिळालं आणि आयझॅक सिंगर यांचं पेटंट १८५१चं. दोन दोऱ्यांची गुंतागुंत कापडाच्या जाडीच्या बरोबर मध्ये पडली पाहिजे. वरचा दोरा फार ताठ असेल तर खालचा वर ओढला जातो, सैल असेल तर खाली गुंता होतो. म्हणून चिंधीवर टीप मारून आधी बघतात. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ सालच्या एका संभाषणात शिलाई मशीनचा अपवाद केला होता, कारण ते घरातल्या माणसाचे कष्ट हलके करतं.

आणि मशीनशिवायची आपली गोधडी! जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेले. थरांमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते, टाके थरांना सरकू देत नाहीत. एखादा टाका तुटला तरी शेजारचे शेकडो टाके धरून ठेवतात. पी.एल.च्या रात्री हॉस्टेलमध्ये कंपोझिट मटेरिअल्स वाचताना पांघरलेलं काय आहे, तेही बघत चला.

तिसरं शॉप : बेकिंग

इथे नियम एकदम कडक होतात. मिश्रण भट्टीत गेलं की मीठ-साखर वाढवता येत नाही, आमटीसारखी चव घेऊन सुधारता येत नाही. सगळं काही आधीच ठरवायचं.

एकच मैदा घ्या. पाणी घालून मळला की त्यातली प्रथिनं ग्लुटेनचं चिवट जाळं करतात. पावाला ते हवं असतं, कारण त्यातच वायू धरला जातो. नानकटाईत मात्र ते नको असतं. म्हणून तूप आणि पिठीसाखर आधी भरपूर फेटतात आणि मैदा मागून घालतात, पाणी नाहीच. तूप मैद्याच्या कणांना लपेटतं, जाळं तयार होत नाही आणि तोंडात घातल्यावर भुगा होतो. केक या दोघांच्या मधला. म्हणून मैदा घातल्यावर मिश्रण हलक्या हाताने ढवळायचं. जोर दाखवाल तर केकचा पाव होईल.

फुगवायचं काम खाण्याच्या सोड्याचं. दही किंवा लिंबू यांसारखी आंबट गोष्ट भेटली की सोडा लगेच कार्बन डायऑक्साइड सोडायला लागतो. म्हणून दह्याच्या केकमध्ये सोडा घातल्यावर फोनवर गप्पा मारत बसायचं नाही, भांडं ताबडतोब आत. सिव्हिलच्या मंडळींना हे सांगायला नको. साध्या पोर्टलँड सिमेंटचा इनिशियल सेटिंग टाइम किमान ३० मिनिटांचा, आणि कालवलेलं काँक्रीट कुणाची वाट बघत नाही. सोडा जास्त झाला तर उरलेल्या सोडियम कार्बोनेटमुळे केकला साबणासारखी चव येते. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही मोजून एकत्र असतात. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली अशी पावडर तयार केली ती बायकोसाठी, तिला यीस्ट चालत नसे.

ओव्हन नसेल तर कुकर. शिट्टी आणि रबरी रिंग काढायची, तळाशी मीठ किंवा वाळू पसरायची, वर भांडं. इथे वाफेचा दाब नको, कोरडी उष्णता हवी. मीठ आच पसरवतं आणि भांड्याचं बूड जळू देत नाही. आणि मधूनच झाकण उघडायचं नाही. आतल्या बुडबुड्यांच्या भिंती अजून ओल्या असतात. गार हवा लागली की वायू आकसतो आणि केक बसतो. स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं घट्ट झाली की मग तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. सुरी घालून बघायची ती त्यानंतर.

भांडं बदललं की हमखास चुकतं. सहा इंची भांड्याची कृती आठ इंचीत करायची, तर माल किती वाढवायचा? पटकन उत्तर येतं, एक-तृतीयांश. पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं : ३६ वरून ६४, म्हणजे जवळजवळ १.७८ पट. आणि केक जाड केला तर वेळही साध्या प्रमाणात वाढत नाही; जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. म्हणून जाड केक बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. हीट ट्रान्सफरच्या पेपरला हा प्रश्न आला तर केक आठवा.

मग आपण काय घ्यायचं?

सॉफ्टवेअरचं काम बरंचसं विणकामासारखं : चुकलं की उसवता येतं, म्हणून लवकर सुरू करा, छोटा नमुना करा, तपासत पुढे जा. मशीनिंगचं काम शिवणासारखं : धातू कापला की गेला, म्हणून कागदावर बेत करा आणि माया ठेवा. काँक्रीट आणि कास्टिंग म्हणजे बेकिंग : ओतण्यापूर्वीच सगळं नक्की हवं. प्रोजेक्ट निवडताना, ग्रुपमध्ये कामं वाटताना 'यातलं काय उसवता येणार नाही?' एवढा एक प्रश्न विचारला तरी शेवटच्या आठवड्यातली निम्मी धावपळ वाचेल.

आणि आणखी एक. फॉर्म भरताना किंवा इंटरव्ह्यूत "आई काय करते?" असं विचारलं की आपण सहज म्हणून जातो, "काही नाही, घरीच असते." हेच काम दुकानात झालं तर धंदा, कारखान्यात झालं तर टेक्स्टाइल किंवा फूड टेक्नॉलॉजी, आणि घरात झालं की 'काही नाही'! मापं, मटेरियल, चाचणी, दुरुस्ती, सगळं तिथे आहे. नाही ती फक्त डिग्री आणि पगार. ही माहिती बऱ्याचदा कुठे लिहिलेलीही नसते. "हाताला कळतं" एवढंच उत्तर मिळतं, आणि तो हात थांबला की ती विद्याही थांबते.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात की विचारा : टाके किती घालायचे हे कसं ठरवतेस? माया किती ठेवतेस? केक झालाय हे सुरी न घालता कसं ओळखतेस? उत्तरं वहीत लिहून आणा. जर्नल कुणाचंही कॉपी करता येतं, हे करता येणार नाही.

तोवर सुरुवात शर्टाच्या तुटक्या बटणापासून करू या. शिवताना बटणावर एक काडेपेटीची काडी आडवी ठेवा, तिच्यावरून टाके घ्या, मग काडी काढा. बटण वर उचला, खालच्या मोकळ्या दोऱ्याला पाच-सहा वेढे द्या आणि गाठ मारा. काजाच्या बाजूच्या कापडाला बसायला तेवढी जागा लागते. ती नसली की प्रत्येक वेळी ताण दोऱ्यावर येतो आणि बटण बरोबर प्लेसमेंटच्या दिवशी तुटतं.